अनेक थ्रेड, एक रांग: पायथन स्क्रिप्टमधली कामं न हरवता, न अडकता कशी चालवायची

एप्रिल-मेमध्ये देवगड, रत्नागिरी, वेंगुर्ल्याकडचे बागायतदार हापूस थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पाठवतात, तेव्हा प्रत्येक पेटीमागे संगणकाचीही कामं असतात. ऑर्डर वाचायची, पिनकोड तपासायचा, कुरिअरच्या सर्व्हरकडून पार्सलचा क्रमांक मागायचा, लेबलची पीडीएफ बनवायची, गिऱ्हाइकाला संदेश पाठवायचा. समजा एका दिवशी १२०० ऑर्डरी आल्या आणि कुरिअरचा सर्व्हर प्रत्येकीला २ सेकंद घेतो. एकामागून एक केलं तर नुसती वाट पाहण्यात ४० मिनिटं जातात, आणि त्या वेळात प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो. ८ थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमचे एका वेळी चालणारे ८ धागे, लावले, तर तेच काम ५ मिनिटांत आटोपतं.

म्हणून स्क्रिप्टमध्ये थ्रेड येतात आणि त्यांनी वाटून घ्यायची कामांची रांग येते. रांग उभी करायला दहा ओळी पुरतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी शिकवणंही तिथेच थांबतं. माझ्या मते खरं काम त्यानंतर सुरू होतं. रांगेत काम टाकणं आणि काढणं पायथन चोख सांभाळतो. काम संपलं हे कोणी ठरवायचं, मध्येच थांबावं लागलं तर हातातल्या कामाचं काय करायचं, पुन्हा चालू केल्यावर कुठून सुरुवात करायची, हे मात्र आपल्यालाच लिहावं लागतं. कोकणात तर ते पहिल्या दिवसापासून लिहावं. आंब्याची शेवटची घाई आणि वळवाचा पाऊस एकाच वेळी येतात, आणि पावसाबरोबर लाइट आणि रेंज दोन्ही जातात.

इथे सगळं पायथनच्या अंगाने सांगतो. रुबी आणि पर्लमध्ये काय वेगळं आहे ते शेवटाकडे येईल.

आधी ठरवा: हे काम थ्रेडचं आहे का?

नेहमीच्या पायथनमध्ये, म्हणजे सीपायथनमध्ये, जीआयएल नावाचं एक सामाईक लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप, असतं. कितीही थ्रेड असले तरी बाइटकोड (पायथनने कोडमधून आतल्या आत बनवलेल्या सूचना) एका वेळी एकच थ्रेड चालवतो. पण एखादा थ्रेड नेटवर्कची किंवा डिस्कची वाट पाहत असला की तो हे लॉक सोडून देतो आणि दुसऱ्याला संधी मिळते. म्हणून कुरिअरला विचारणं, फाइल उतरवणं, संदेश पाठवणं अशा वाट पाहण्याच्या कामांना थ्रेड उत्तम. पीडीएफ रेखाटणं, आंब्यांच्या फोटोंवर पायथनमध्येच पिक्सेलागणिक हिशेब करणं अशा डोकेफोडीच्या कामाला थ्रेडने वेग येत नाही. तिथे वेगळ्या प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारे प्रोग्रॅम, लागतात. आमच्या उदाहरणात लेबलं बनवणं म्हणूनच वेगळ्या टप्प्यात ठेवावं.

पायथन ३.१३ मध्ये जीआयएल नसलेली प्रायोगिक आवृत्ती आली आणि ३.१४ मध्ये तिला अधिकृत पाठिंबा मिळाला, पण ती अजूनही वेगळी घ्यावी लागते. तिच्यावर जायचा विचार असेल तर पुढचं सगळं जास्तच काळजीपूर्वक वाचा.

जीआयएल असल्यामुळे आपल्याला वेगळं लॉक लागत नाही, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. "मोजणीत १ मिळव" हे वाचणं, मिळवणं आणि परत ठेवणं अशा तीन पावलांत होतं, आणि पायथन साधारण दर ५ मिलिसेकंदांनी थ्रेड बदलू शकतो. वाचणं आणि ठेवणं यांच्यामध्ये थ्रेड बदलला तर दोघे तोच जुना आकडा वाचतात आणि एक मोजणी हरवते. हे रोज घडत नाही, म्हणूनच ते शोधणं अवघड जातं.

कामं एकमेकांपासून अगदी सुटी असतील, प्रत्येकाला एक फाइल द्यायची आणि विसरायचं एवढंच असेल, तर थ्रेड लिहूच नका. लिनक्सवर एक्सआर्ग्ज या आज्ञेला "एका वेळी ८" असं सांगितलं की भागतं.

यादी नको, क्यू घ्या

नवीन लिहिणारा बहुधा साधी लिस्ट घेतो आणि म्हणतो: रिकामी नसेल तर पहिलं काम काढ. तपासणं आणि काढणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. रांगेत एकच काम उरलेलं असताना दोन थ्रेडांनी एकाच वेळी तपासलं, तर दोघांनाही "आहे" असं उत्तर मिळतं, एक ते घेऊन जातो आणि दुसऱ्याच्या हाती एरर येते. शिवाय रांग रिकामी असताना काय करायचं याला लिस्टकडे उत्तर नाही. मग माणूस "पुन्हा बघ, पुन्हा बघ" असा लूप लिहितो आणि संगणक काहीच न करता तापतो.

स्टँडर्ड लायब्ररीतला क्यू मॉड्यूल याचसाठी आहे. त्यातल्या क्यू या क्लासच्या आत एक डेक (दोन्ही टोकांनी टाकता-काढता येणारी यादी), एक लॉक आणि त्याच लॉकवर बसवलेल्या तीन कंडिशन (थ्रेडला झोपवणाऱ्या आणि वेळ आली की उठवणाऱ्या अटी) असतात: रिकामी नाही, भरलेली नाही, आणि सगळी कामं झाली. गेट (काढ) म्हटलं की काम असेल तर मिळतं, नसेल तर थ्रेड झोपतो आणि कोणी पुट (टाक) केलं की उठतो. झोपलेला थ्रेड प्रोसेसर वापरत नाही. उठल्यावरही तो "खरंच काही आहे ना" हे पुन्हा तपासतो, कारण मधल्या क्षणात दुसऱ्या कोणी ते काम उचललेलं असू शकतं. स्वतः कंडिशन वापरायची वेळ आली तर हीच शिस्त पाळा: जागं झाल्यावर अट तपासायची ती "जर" ने नाही, "जोवर" च्या लूपने.

या क्लासला एम्प्टी आणि क्यू-साइझ अशा मेथडही आहेत. त्या फक्त लॉगमध्ये छापायला वापरा. त्यांच्या उत्तरावर निर्णय घेऊ नका, कारण उत्तर हातात येईपर्यंत परिस्थिती बदललेली असू शकते. रांग रिकामी दिसली म्हणजे काम संपलं असंही नाही: शेवटची ८ कामं ८ थ्रेडांच्या हातात असू शकतात.

प्राधान्य हवं असेल, म्हणजे आज रात्रीच्या गाडीने जायच्या पेट्या आधी, तर प्रायॉरिटी-क्यू आहे. त्यात लहान आकडा आधी बाहेर येतो. एक खड्डा लक्षात ठेवा: दोन कामांचा आकडा सारखा असेल तर पायथन जोडीतल्या पुढच्या घटकाची तुलना करायला जातो, आणि तो डिक्शनरी असेल तर टाइप-एरर येते. आकडा आणि काम यांच्यामध्ये वाढता अनुक्रमांक घाला. तुलना तिथेच संपते, आणि सारख्या प्राधान्याची कामं आलेल्या क्रमाने जातात.

रांगेला मर्यादा घाला

मॅक्स-साइझ दिली नाही तर रांग अमर्याद वाढते. १२०० ऑर्डरींना काही होत नाही, पण मागच्या हंगामांच्या लाखो ओळी वाचायला घेतल्या की वाचणारा थ्रेड काही सेकंदांत सगळं मेमरीत ओततो आणि रांगेतली कामं उचलणारे कामगार थ्रेड मागे राहतात. मर्यादा असली की रांग भरल्यावर पुट थांबतं आणि वाचणारा आपोआप कामगारांच्या वेगाने चालू लागतो. थ्रेडच्या दुप्पट ते चौपट एवढी मर्यादा मी ठेवतो. ८ थ्रेडांना १६ ते ३२. त्याहून मोठी रांग वेग वाढवत नाही. मध्येच बंद पडलं तर अधांतरी राहिलेली कामं तेवढी वाढवते.

कामगार थ्रेडचा सांगाडा

थ्रेडच्या आत न पकडलेली एरर आली तर तो थ्रेड संपतो, पडद्यावर ट्रेसबॅक (एरर कुठे आली त्याची नोंद) उमटतो आणि बाकीचा प्रोग्रॅम चालू राहतो. एका ऑर्डरीत पिनकोडच्या जागी गावाचं नाव आलं की ८ चे ७ होतात, अशा आणखी ऑर्डरी आल्या की ६, ५. सगळे गेले की रांग भरणारा थ्रेड पुटवर अडकतो आणि मुख्य थ्रेड जॉइनवर, म्हणजे सगळी कामं संपण्याची वाट पाहत. क्यूच्या जॉइनला वेळमर्यादा देता येत नाही, त्यामुळे ते अडकणं कायमचं असतं. म्हणून सांगाडा असा असावा:

    कामगार(रांग, निकाल):
        कायम:
            काम = रांग.गेट()
            प्रयत्न:
                जर काम हे शेवट असेल: परत जा
                उत्तर = कुरिअरला_विचार(काम)
                निकाल.पुट(काम, "झालं", उत्तर)
            एरर आली तर:
                निकाल.पुट(काम, "चुकलं", एरर)
            काहीही झालं तरी:
                रांग.टास्क_डन()

शेवटचा भाग पायथनच्या फायनली ब्लॉकमध्ये जातो. गेट आणि टास्क-डन यांची जोडी कधीच तुटता कामा नये. रांग आतून न झालेल्या कामांची मोजणी ठेवते: पुटने ती १ ने वाढते, टास्क-डनने १ ने कमी होते, आणि शून्यावर आली की जॉइनवर थांबलेला थ्रेड सुटतो. एकदा विसरलं की जॉइन कधीच सुटत नाही, एकदा जास्त झालं की व्हॅल्यू-एरर येते. गेट मात्र प्रयत्न ब्लॉकच्या बाहेर आहे तो मुद्दाम, कारण काम मिळालंच नाही तर "झालं" म्हणायचं कशाला?

"कुरिअरला विचार" या ओळीत सगळ्यात महत्त्वाचं आहे ते वेळमर्यादा देणं. रिक्वेस्ट्स ही लोकप्रिय लायब्ररी स्वतःहून कसलीही वेळमर्यादा लावत नाही. आंबोलीच्या घाटात नव्हे, अगदी कणकवलीच्या बाजारातही वादळी दिवशी जोडणी अर्धवट लटकते: तुटलेली नसते आणि बाइट तर येत नाहीत. मर्यादा नसलेला थ्रेड तिथे तासन्‌तास बसून राहील. जोडणीला ३ सेकंद आणि वाचनाला १० सेकंद अशी जोडी द्या. आणखी एक बारकावा: वाचनाची मर्यादा ही दोन बाइटांच्या मधल्या शांततेची आहे, एकूण वेळेची नाही. सर्व्हर थेंबाथेंबाने उत्तर देत राहिला तर एकूण वेळ कितीही वाढू शकतो.

सेशन (रिक्वेस्ट्सची चालू ठेवलेली जोडणी) आणि डेटाबेसची जोडणी थ्रेडांमध्ये वाटून घेऊ नका. थ्रेडिंग मॉड्यूलमधलं लोकल वापरा आणि प्रत्येक थ्रेडला आपलं आपलं द्या. पायथनचं एसक्यूलाइट मॉड्यूल तर एका थ्रेडने उघडलेली जोडणी दुसऱ्याने वापरली की मुळातच एरर देतं. तो पहारा बंद करण्याचा पर्याय आहे, पण तो तसाच राहू द्या.

निकाल एकाच्याच हातात

८ थ्रेडांनी एकाच सीएसव्ही फाइलमध्ये लिहिलं तर ओळीत ओळ घुसते. लॉक लावून ते टाळता येतं, पण लॉक वाढले की त्यांचा क्रम सांभाळावा लागतो, आणि कोणीतरी लॉक धरूनच नेटवर्कवर विचारायला जातो. मग ८ थ्रेड असून काम एकाच्याच वेगाने होतं. मला सोपा वाटतो तो मार्ग वेगळा. निकालांची दुसरी रांग ठेवा आणि एकच लिहिणारा थ्रेड नेमा. फाइल, बेरजा, पडद्यावरची प्रगती, सगळं त्याच्याकडे. सामाईक वस्तूला हात लावणारा एकच असला की लॉकची गरजच उरत नाही.

तरीही दोन लॉक एकदम घ्यायची वेळ आलीच, तर सगळ्या थ्रेडांनी ते त्याच क्रमाने घ्यावेत. याला पर्याय नाही.

पुन्हा प्रयत्न करताना

रेंज गेली म्हणून फसलेलं काम पुन्हा रांगेत टाकावं, हे साहजिक आहे. यात तीन गोष्टी बिघडू शकतात.

पहिली सगळ्यात वाईट. रांगेला मर्यादा आहे, ती भरलेली आहे, आणि सर्व कामगार आपापलं फसलेलं काम त्याच रांगेत पुट करायला जातात. जागा व्हायला कोणीतरी गेट करायला हवं, पण गेट करणारे सगळे पुटवर थांबलेले. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर क्रॉसिंगच्या स्टेशनातली प्रत्येक लाइन भरून गेली, तर दोन्ही बाजूंच्या गाड्या जागच्या हलणार नाहीत, तसं हे होतं. कामगाराने मर्यादित रांगेत कधीही पुट करू नये. फसलेलं काम अमर्याद अशा वेगळ्या रांगेत टाकावं आणि भरणाऱ्या थ्रेडने तिथून उचलावं.

दुसरी मोजणीची. फसलेलं काम परत टाकायचं ते टास्क-डन म्हणण्याच्या आधी. उलट केलं तर मधल्या क्षणी मोजणी शून्य होऊ शकते, मुख्य थ्रेड "झालं सगळं" समजून पुढे जातो आणि ते काम मागे राहतं. वेगळी रांग वापरली तर दोन्ही रांगांचा हिशेब एकत्र करावा लागतो. अशा वेळी जॉइनवर न विसंबता "बाकी किती" ही मोजणी लिहिणाऱ्या थ्रेडकडेच ठेवलेली बरी: "झालं" किंवा "कायमचं फसलं" असा अंतिम निकाल आला, तरच ती कमी होते.

तिसरी वेळेची. थांबण्यासाठी कामगाराला झोपवू नका. तो थ्रेड तेवढा वेळ वाया जातो. कामाबरोबर "यानंतर कर" अशी वेळ लिहा. २, ४, ८, १६ सेकंद असं अंतर वाढवा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा, नाहीतर रेंज परत आल्याच्या क्षणी सगळी फसलेली कामं एकदम सर्व्हरवर आदळतात. प्रयत्नांना ५ किंवा ६ ची मर्यादा हवीच. आणि प्रत्येक चूक पुन्हा प्रयत्न करण्याजोगी नसते. जोडणी तुटली, किंवा ५०३ (सर्व्हरला सध्या जमत नाही) आलं, तर थांबून पुन्हा करा. ४०० आलं, म्हणजे पत्ताच चुकीचा आहे, तर दहा वेळा विचारूनही तो बरोबर होणार नाही. ते माणसाकडे पाठवा. ४२९ आलं तर सर्व्हर म्हणतोय की तुम्ही फार घाई करताय. उत्तरात रिट्राय-आफ्टर हेडर असेल तर तेवढं थांबा, आणि एकाच थ्रेडने नाही, सगळ्यांनी. त्यासाठी एक सामाईक इव्हेंट फाटकासारखा ठेवा: ४२९ आलं की फाटक बंद, वेळ झाली की उघडं, आणि प्रत्येक कामगार विचारण्याआधी फाटकावर वेट करतो.

नीट थांबवणं

काम संपल्यावरचं थांबणं आणि मध्येच थांबणं, या दोन्हींचा क्रम आधी कागदावर लिहून काढा.

काम संपल्यावर: आधी भरणारा थांबतो. मग जॉइन, किंवा वर सांगितलेली मोजणी, यावरून खात्री होते की सगळं झालं. त्यानंतर जितके कामगार तितक्या "शेवट" च्या खुणा रांगेत टाकायच्या; एक टाकली तर एकच थांबतो, बाकीचे गेटवर झोपून राहतात. सगळे कामगार-थ्रेड संपले (हे थ्रेडच्या स्वतःच्या जॉइनने कळतं) की मग निकालाच्या रांगेत एक खूण, आणि लिहिणारा सगळ्यात शेवटी बाहेर पडतो. त्याला आधी सोडलं तर उशिरा आलेले निकाल कोणी लिहितच नाही. खूण म्हणून नन (पायथनचं "काहीच नाही") वापरण्यापेक्षा वेगळं ऑब्जेक्ट बनवा, कारण नन चुकून खऱ्या कामातूनही येऊ शकतं. प्रायॉरिटी-क्यूमध्ये तर खुणेलाही प्राधान्याचा आकडा द्यावा लागतो, सर्वांत मोठा.

पायथन ३.१३ पासून क्यूलाच शटडाउन मेथड मिळाली आहे. ती हाक दिली की नवीन पुट नाकारलं जातं, आत असलेली कामं गेटने निघत राहतात, आणि रांग रिकामी झाली की गेट करणाऱ्यांना शटडाउन नावाची एक्सेप्शन मिळते. खुणा मोजायची गरज राहत नाही. तात्काळ हा पर्याय दिला तर आतली कामंही टाकून दिली जातात. नवीन स्क्रिप्ट लिहीत असाल आणि ३.१३ हातात असेल तर हेच वापरा.

मध्येच थांबणं वेगळं. कंट्रोल-सी फक्त मुख्य थ्रेडला कळतं, कामगारांना नाही. लिनक्सवर सेवा सांभाळणारं सिस्टमडी आपली सेवा बंद करताना, किंवा यूपीएसची बॅटरी उतरली म्हणून मशीन आपणहून बंद होताना सिगटर्म, म्हणजे "आता थांब" असा सिग्नल, येतो. त्यावर पायथन स्वतःहून काही आवरत नाही, प्रोसेस तिथेच संपते, फायनलीचे ब्लॉकही चालत नाहीत. म्हणून सिगटर्मसाठी हँडलर लिहावाच लागतो. हँडलरमध्ये काम कमीत कमी ठेवा: एक साधं व्हेरिएबल खरं करा आणि बाहेर पडा. तिथे क्यूवर पुट करू नका. हँडलर मुख्य थ्रेडमध्येच चालतो, आणि त्या क्षणी मुख्य थ्रेडने क्यूचं लॉक धरलेलं असेल तर तो स्वतःच्याच लॉकची वाट पाहत बसेल.

मुख्य थ्रेड दर अर्ध्या सेकंदाला ते व्हेरिएबल पाहतो आणि "थांबा" हा इव्हेंट लावतो. कामगार प्रत्येक नव्या कामाआधी तो इव्हेंट बघतात. गेटवर झोपलेल्याला इव्हेंट दिसत नाही, म्हणून गेटला १ सेकंदाची मर्यादा द्यायची आणि एम्प्टी आलं की पुन्हा बघायचं. भरणाऱ्याच्या पुटलाही तशीच मर्यादा हवी. हातातलं काम मात्र पूर्ण करू द्यायचं. सिस्टमडी साधारण ९० सेकंद थांबतं आणि मग जबरदस्तीने मारतं. आपली वेळमर्यादा १० सेकंद असेल तर यात भरपूर सवड आहे.

डीमन थ्रेड करून हे सगळं टाळण्याचा सल्ला अनेक जण देतात. डीमन थ्रेड प्रोग्रॅम संपताना जिथे असेल तिथे तुटतो, लिहिता लिहितासुद्धा. जो थ्रेड काहीही लिहितो, कुठे पैसे किंवा पार्सल नोंदवतो, तो मी डीमन करत नाही.

लाइट गेली तर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि उत्तर कोकणातल्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. पुढच्या वर्षी मेच्या मध्यावर, ऐन हंगामात, तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. पण वादळच यायला हवं असं नाही. मेमधल्या कुठल्याही संध्याकाळी गडगडाट झाला की लाइट जाते, इन्व्हर्टर दमलेला असतो, आणि लाइट परत आली की पॅकिंग शेडमधून पहिला प्रश्न येतो: "काम खंयपर्यंत इलां?" मेमरीतल्या रांगेकडे याचं उत्तर नसतं. म्हणून खरी यादी डिस्कवर असली पाहिजे आणि मेमरीतली रांग ही फक्त तिची वाहती धार.

याला मोठं काही लागत नाही, एसक्यूलाइटची एक फाइल पुरते. टेबलात ऑर्डर क्रमांक, स्थिती, प्रयत्न किती झाले, यानंतर कर ही वेळ, आणि शेवटची चूक. स्थिती चार: बाकी, सुरू, झालं, फसलं. भरणारा "बाकी" असलेल्या ओळी वाचून रांगेत टाकतो आणि कुठल्या टाकल्या ते स्वतःच्या लक्षात ठेवतो, म्हणजे तीच ओळ दोनदा जात नाही. कामगार कुरिअरला विचारण्याच्या अगदी आधी स्वतःच्या जोडणीने ओळ "सुरू" करतो. ही नोंद करताना "जी अजून बाकी आहे तीच" अशी अट घालावी आणि किती ओळी बदलल्या ते पाहावं: १ बदलली तर काम आपलं, ० तर दुसऱ्याने घेतलं. उत्तर आलं की लगेच तोच थ्रेड "झालं" लिहितो. ही नोंद मी निकालाच्या रांगेतून जाऊ देत नाही, कारण त्या रांगेत असलेली गोष्ट लाइट गेल्यावर हरवते.

एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच लिहू शकतो. डब्ल्यूएएल पद्धत (बदल आधी वेगळ्या नोंदवहीत लिहिण्याची) चालू केली की लिहिणं चालू असताना वाचणं थांबत नाही, आणि पायथनची जोडणी लॉकसाठी साधारण ५ सेकंद वाट पाहते. ८ थ्रेडांच्या छोट्या नोंदींना हे पुरेसं आहे. इथे एका सल्ल्यापासून सांभाळा. वेगासाठी सिंक्रोनस (नोंद डिस्कवर पोचण्यासाठी किती थांबायचं) हे सेटिंग नॉर्मल करा असं जागोजागी लिहिलेलं असतं. डब्ल्यूएएलमध्ये नॉर्मल ठेवलं तर लाइट गेल्यावर फाइल बिघडत नाही, पण शेवटच्या काही नोंदी मागे जाऊ शकतात. "झालं" लिहिलेली ऑर्डर पुन्हा "बाकी" दिसेल आणि त्याच गिऱ्हाइकाच्या नावावर दुसरं पार्सल नोंदलं जाईल. हे सेटिंग मुळात फुल असतं, ते तसंच ठेवा. १२०० ऑर्डरींना पडणारा फरक जाणवणारही नाही.

पुन्हा सुरू केल्यावर "बाकी" ओळींचा प्रश्न नाही, त्या सरळ चालू करा. "सुरू" असलेल्या ओळी नाजूक असतात: विचारणा सर्व्हरपर्यंत पोचली होती की नाही, हे आपल्याला कळू शकत नाही. कुरिअरची सेवा आपला ऑर्डर क्रमांक संदर्भ म्हणून स्वीकारत असेल तर आधी "या क्रमांकाचं पार्सल आहे का" असं विचारा, नसेल तरच नवीन नोंदवा. अशी सोय नसेल तर त्या ओळी आपोआप पुन्हा पाठवू नका, माणसाला दाखवा. ८ थ्रेड असतील तर अशा ओळी जास्तीत जास्त ८. तेवढ्या हाताने तपासणं हे दोन पेट्यांच्या भांडणापेक्षा केव्हाही परवडतं.

लेबलांच्या फाइलींनाही हीच काळजी. थेट अंतिम नावाने लिहू नका. तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा (म्हणजे ते खरंच डिस्कवर उतरवा), मग ओएस मॉड्यूलमधल्या रिप्लेसने नाव बदला. म्हणजे त्या नावाची फाइल असेल तर पूर्णच असेल.

थ्रेड किती

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे थेट कामाला येतो: एका वेळी चालू असलेली कामं म्हणजे दर सेकंदाला होणारी कामं गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. सर्व्हर सेकंदाला ५ विचारणा चालवून घेतो आणि प्रत्येकीला २ सेकंद लागतात, तर १० थ्रेड पुरे. ५० लावले तर वेग वाढत नाही, ४२९ वाढतात. आधी ४ वर चालवा, दर मिनिटाला किती झालं ते लॉगमध्ये पाहा, दुप्पट करा. आकडा वाढायचा थांबला की एक पाऊल मागे या.

तयार पूल कधी पुरतो

पायथन ३.२ पासून थ्रेड आणि त्यांची रांग तयारच देणारा थ्रेड-पूल-एक्झिक्युटर आहे. कामं मोजकी, पुन्हा प्रयत्न साधे, आणि मध्येच थांबलं तरी पहिल्यापासून चालवता येतं, असं असेल तर तोच घ्या. वरची निम्मी मेहनत वाचते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्याच्या आतली रांग अमर्याद असते. आणि कामातली एरर फ्यूचरमध्ये (काम दिल्यावर मिळणाऱ्या पावतीत) दडून राहते: रिझल्ट मागितलाच नाही तर ती तुम्हाला कधीच दिसणार नाही.

रुबी आणि पर्ल

रुबीत क्यू आणि मर्यादा असलेली साइज्ड-क्यू दोन्ही भाषेतच आहेत. २.३ पासून क्लोज आहे: बंद केलेली रांग रिकामी झाली की पॉप निल देतं. थांबवण्याचा प्रश्न रुबीने पायथनच्या बऱ्याच आधी सोडवला. नेहमीच्या रुबीतही एक सामाईक लॉक आहे, त्यामुळे थ्रेड कुठे उपयोगी याचा हिशेब तोच.

पर्लचं गणित वेगळं. तिथे नवीन थ्रेडला सगळ्या व्हेरिएबलांची प्रत मिळते. मुद्दाम शेअर केलेलं तेवढंच सामाईक. त्यामुळे थ्रेड जड असतात. ते सुरुवातीलाच, मोठा डेटा मेमरीत घेण्याआधी उघडावेत आणि शेवटपर्यंत तेच वापरावेत. थ्रेड-क्यू मॉड्यूलमध्ये एनक्यू, डीक्यू आणि संपल्याचं सांगणारं एंड आहे.

चालवून तोडून पाहा

थ्रेडांचा कोड एकदा नीट चालला याला काही अर्थ नाही. मर्यादा १ आणि कामगार १ असं चालवा. अडकायचं असेल तर इथेच अडकेल. मग कामगार ५० आणि कामं ३. थांबण्याच्या खुणा चुकल्या असतील तर इथे कळेल. थ्रेड बदलण्याचा अवधी सिस मॉड्यूलमधून अगदी लहान करा, म्हणजे एरवी महिन्यातून एकदा होणारा घोळ मिनिटात दिसतो. खोटा कुरिअर सर्व्हर लिहून त्याला कधी ५०३, कधी ४२९ द्यायला लावा, आणि कधी काहीच उत्तर न देता जोडणी उघडी ठेवायला लावा. प्रत्येक थ्रेडला नाव द्या आणि लॉगमध्ये ते नाव छापा. फॉल्ट-हँडलर मॉड्यूल सुरुवातीलाच एखाद्या सिग्नलला जोडून ठेवा: प्रोग्रॅम अडकला की तो सिग्नल पाठवायचा, आणि कोणता थ्रेड कोणत्या ओळीवर उभा आहे ते सगळं पडद्यावर येतं. सगळे पुटवर दिसले तर रांगेचा घोळ, सगळे सॉकेटच्या वाचनावर दिसले तर वेळमर्यादेचा.

शेवटी काम मध्यावर असताना प्रोसेस किल-९ ने, म्हणजे आवरायची संधी न देता, मारा. पुन्हा चालू करा, पुन्हा मारा, असं काही वेळा करून काम पूर्ण होऊ द्या. मग खोट्या सर्व्हरकडे नोंदलेली पार्सलं आणि टेबलातल्या "झालं" ओळी शेजारी ठेवून जुळवा. प्रत्येक ऑर्डरीला एकच पार्सल असेल आणि "सुरू" मध्ये अडकलेली प्रत्येक ओळ माणसापुढे आली असेल, तर स्क्रिप्ट हंगामात लावायला हरकत नाही. पण किल-९ ने फक्त प्रोसेस मरते, डिस्ककडे लिहायला दिलेलं ऑपरेटिंग सिस्टम मागाहून लिहितेच. सिंक्रोनस आणि एफसिंक यांची खरी परीक्षा हवी असेल, तर एखाद्या जुन्या मशीनवर हाच प्रयोग प्लग ओढून करा.